अन्नपूर्णाबाईंचं चौपदरी पाणी

सुनेनं सासूच्या भाजीला नाव ठेवावं, पोळीला ठेवावं, झालंच तर सासूच्या माहेरालाही ठेवावं. तो जगाचा रिवाजच आहे. पण पाण्याला? आणि तेही विहारात, चाळीस बायकांसमोर? नंदिनीचं हे वागणं अन्नपूर्णाबाईंच्या इतकं जिव्हारी लागलं की विहारातून घरी येईपर्यंत त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतलं ते बुद्धविहार आणि त्यांचं घर यात अंतर दोनशे पावलांचं. पण अन्नपूर्णाबाई दोनशे पावलं गप्प चालल्या, ही वॉर्डाच्या इतिहासात पहिलीच वेळ होती.

हे पाणी म्हणजे काही साधंसुधं पाणी नव्हे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे निघालेली माणसं नागपूर रोडनं गाड्या भरभरून जातात, पायीही जातात. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला मांडव घालून पाणी वाटायचा मान बावीस वर्षांपासून अन्नपूर्णाबाईंचा. शाळा दुसरीपर्यंत, तिसरीत जायच्या वेळी त्यांच्या हातात कापूस वेचायची ओटी आली. त्यामुळे पाटीवरचं फारसं वाचता येत नसे, पण तहानलेल्या माणसाचा चेहरा त्या शंभर पावलांवरून वाचत. पाणी देताना एक नियम कडक होता. ते चार पदरी कापडातून गाळलेलंच पाहिजे.

"रोड चौपदरी झाला आता," त्या सांगत. "माह्यं पाणी पयलेपासून चौपदरी हाय."

गाळायचं कापडही ऐरंगैरं नव्हे. लग्नानंतर नंदिनीनं पहिल्या पगारातून सासूसाठी विहारात नेसायची पांढरी साडी आणली होती. ती दोन वर्षं कौतुकानं नेसून झाली, मग खिळ्याला अडकून फाटली. फाटलेल्या साडीचं पोतेरं करतील त्या अन्नपूर्णाबाई कसल्या? मानाच्या साडीला मानाचं काम मिळालं. गेल्या वर्षीपासून पाणी त्याच साडीतून गाळलं जाई.

तर झालं असं. नंदिनी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि पाण्यातल्या बारीक प्लास्टिकवर पीएचडी करते. त्या रविवारी बायकांना माहिती द्यायला ती कॉलेजचा सूक्ष्मदर्शक घेऊन विहारात आली. नमुन्याला पाणी हवं होतं. टेबलावर अन्नपूर्णाबाईंनी गाळून आणलेल्या पाण्याचा तांब्या होता. तिनं त्यातला थेंब काचेवर घेतला. पहिल्या बाईनं डोळा लावला आणि ती किंचाळली, "दोरा हाय वो माय! निळा दोरा!"

"वळवळते का?" मागून कोणी तरी विचारलं.

"वळवळत नाही, ते प्लास्टिक आहे," नंदिनी उत्साहानं म्हणाली. "एका थेंबात सहा तंतू! असा नमुना मला तीन वर्षांत मिळाला नव्हता!"

शास्त्रज्ञाला आनंद कशाचा व्हावा याला काही धरबंध नसतो. मंडळाच्या सचिव दिपालीताई मात्र तयारीतच होत्या. त्यांच्या भावाचा पाण्याच्या पाउचचा कारखाना होता. "यंदा पाउच वाटू. सीलबंद. काही झंझटच नाई."

"पाण्यात प्लास्टिक हाय म्हणून पाणी प्लास्टिकात भरून द्याचं?" अन्नपूर्णाबाई कडाडल्या. "वा! इंचवाच्या भीतीनं सापाच्या बिळात हात!"

विहार समितीचे अध्यक्ष प्रेमदासजी निवृत्त तलाठी. तारीख दिल्याशिवाय त्यांना कुठलाच निर्णय देता येत नसे. त्यांनी घसा खाकरला. "पुढच्या रविवारी सकाळी दहाले पाणी पुन्हा पाहू. निळा दोरा दिसला, तर मांडवात पाउच. नाई दिसला, तर अन्नपूर्णाबाई."

बावीस वर्षांचा मान आता एका थेंबावर येऊन लटकला होता. आणि थेंब काचेवर ठेवणारी घरचीच.

घरी आल्यावर अन्नपूर्णाबाईंनी पायरीवर बसून पदरानं वारा घेतला. ऑक्टोबरचं ऊन वर्धेला सोडत नाही, त्यात हे. शेवटी त्यांनीच तोंड उघडलं.

"रोग सांगतला, आता औषध सांग. का तुह्या कॉलेजात निस्ता रोगच शिकवते?"

नंदिनी जवळ येऊन बसली. "औषध आहे आई. कोळशाची बारीक पूड पाण्यात टाकली की प्लास्टिक त्याला चिकटतं. पण मग ती पूड पाण्यातून काढायची कशी? म्हणून आधी तिच्यावर लोखंडाचा थर चढवायचा. बाहेरून लोहचुंबक धरला की कोळसा प्लास्टिकला घेऊन एका बाजूला."

अन्नपूर्णाबाईंनी डोळे बारीक केले. "म्हंजे चोराच्या मांगं पोलीस सोडाचा, अन् पोलिसाच्या कमरेले दोरी बांधून ठेवाची."

"अगदी असंच!"

"मंग बसली काऊन? आण तो कोळसा."

तो कोळसा कॉलेजनं मागवला होता, पण तीन सह्यांपैकी दोनच झाल्या होत्या आणि तिसरी सही पेपर तपासायला परगावी गेली होती. हे ऐकून अन्नपूर्णाबाईंचा चेहरा असा उजळला, जणू त्यांच्याच नावाची चिठ्ठी निघाली. "कोळशासाठी सही लागते? माह्या माहेरात पऱ्हाटीचे ढीग पडले हायेत!"

कापूस वेचून झाला की उरते ती काडी म्हणजे पऱ्हाटी. अल्लीपूरला त्यांच्या धाकट्या भावाला, तानबाला, लगेच फोन गेला.

"पऱ्हाटी? गॅस संपला का बाई?"

"गॅस हाय. आमी संशोधन करून राह्यलो."

संशोधन म्हणजे नेमकं काय हे तानबाला कळलं नाही, पण बहिणीचा आवाज लग्नघरातल्यासारखा होता, तेव्हा त्यानं लग्नाच्या हिशेबानंच पऱ्हाटी आणली. दुसऱ्या दिवशी मालवाहू ऑटो दारात उभा राहिला तेव्हा आत तानबा कुठे बसलाय ते काड्या उपसल्यावर कळलं. अर्धं अंगण भरलं, उरलेल्या काड्या रत्नदीपच्या मोटारसायकलवर. रत्नदीप म्हणजे अन्नपूर्णाबाईंचा मुलगा, नंदिनीचा नवरा आणि जिल्हा परिषदेत लिपिक. या तिन्ही नात्यांत त्याचं कोणी ऐकत नसे.

तेलाच्या रिकाम्या पिप्यात पऱ्हाटी ठासून भरली, झाकण मातीनं लिंपलं, एक भोक ठेवलं आणि खाली जाळ केला. नंदिनी वही घेऊन उभी. "आई, तापमान किती ठेवायचं?"

"ते तुह्या भट्टीले इचार. माह्या पिप्याले धूर असते. पांढरा हाय तवर कच्चं. निळसर झाला का पक्कं."

नंदिनीनं वहीत लिहिलं: पांढरा, कच्चं, निळसर, पक्कं. अन्नपूर्णाबाईंनी तिरक्या नजरेनं पाहिलं. आपलं बोलणं कोणी वहीत उतरवून घेतंय हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. नाही म्हणायला एकदा जनगणनेवाल्यानं घेतलं होतं, पण त्यानंही वय चुकवलं होतं.

निळसर व्हायच्या आधी धूर दीड तास पांढरा होता आणि तो सगळा शेजारच्या सदाशिवरावांच्या गच्चीवर गेला. सदाशिवराव कुंपणावरून डोकावले. पाणीपुरवठ्यात तीस वर्षं नोकरी झालेली. ती आवक-जावक टेबलावर झाली होती, हे ते सांगत नसत.

"वहिनी, पाण्याचं मला विचारा. तीस वर्षं घालवली. यात तुरटी टाका."

"कोळशात तुरटी?"

"तुरटी कशातही चालते."

दाढी केल्यावर गालाला लावतात तेवढीच चालते, असं अन्नपूर्णाबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण धूर त्यांच्या गच्चीवर जात होता, म्हणून त्या गोड हसल्या. असं हसू त्या वर्षातून दोनदाच काढत.

कोळसा झकास निघाला. काच वाजावी तसा खणखणीत. तो खलबत्त्यात कुटला, वस्त्रगाळ केला आणि मग लोखंडाची पाळी आली. नंदिनीनं आणलेली एक पूड पाहून अन्नपूर्णाबाई ओरडल्याच, "हे तं हिराकस! संत्र्याचं झाड पिवळं पडलं का देते ते!" दुसरा द्राव मात्र त्यांच्या ओळखीचा नव्हता. तो इतका गर्द तांबूस होता की जिथे सांडला तिथला झाला. फरशीवर डाग पडले, बादलीला पडले, आणि त्याच बादलीत रत्नदीपचा एकुलता एक पांढरा शर्ट भिजत घातलेला होता, हे शर्ट केशरी होऊन वर आल्यावर लक्षात आलं.

"ऑफिसात काय सांगू?" रत्नदीप म्हणाला.

"सांग, लोखंड चढलं," आई म्हणाली. "लोकाईले गोया खाऊन चढत नाई."

धुऊन धुऊन, पाणी नितळ निघेपर्यंत धुऊन, वाळवून शेवटी हाती आली ती काजळासारखी काळी पूड. विहाराचा जुना भोंगा गेल्या जयंतीला फाटला होता. त्याच्या पोटातला लोहचुंबक रत्नदीपनं काढून आणला. काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यात पूड, सगळं काळं. नंदिनीनं पेल्याला बाहेरून चुंबक लावला. काळं पाणी हललं. मग पूड सरसर करत एका बाजूला चढली आणि उरलेलं पाणी भिंगासारखं स्वच्छ.

"चालला वो माय!" अन्नपूर्णाबाईंनी टाळी वाजवली. "पोलीस चालला! दोरी ओढली का चालला!" त्यांनी चुंबक हिसकावून घेतला. पूड डावीकडे नेली, उजवीकडे आणली, तानबाला दाखवली, पुन्हा तानबालाच दाखवली. वाळलेली पूड ताटात पसरलेली होती, ती पाहायला सदाशिवराव ताटावर वाकले. त्यांच्या मनगटात रक्तदाबासाठी घेतलेलं चुंबकाचं कडं. ताटातली पूड उभी राहिली आणि कड्याला जाऊन बिलगली. सदाशिवरावांनी हात झटकला, तसा कपाळाला लागला. दोन मिनिटांत पाणीपुरवठ्याचा तीस वर्षांचा अनुभव कोपरापासून भुवईपर्यंत काळा झाला.

पण माणूस दिलदार. वर म्हणाले, "वहिनी, मांडवाचा परवानगी अर्ज मीच लिहितो. असं मराठी लिहीन की साहेब उभा राहून वाचेल."

इथेच मेख होती. नंदिनीनं त्यांना पुडीचं शास्त्रीय नाव सांगितलं होतं: चुंबकीय अधिशोषक. सदाशिवरावांना आवक-जावकची सवय. अर्ज आटोपशीर हवा. त्यांनी 'अधि' काढून टाकला. शुक्रवारी दुपारी निकेश नावाचा तरुण शिपाई चौकीवरून अर्जाची प्रत घेऊन दारात हजर.

"जय भीम आजी. हा अर्ज तुमचाच ना? 'नागपूर रोडवर शोषकाचे जाहीर प्रात्यक्षिक. शोषकास ओढून एका बाजूस घेण्यात येईल. जनतेने मोठ्या संख्येने उपस्थित राहावे.'" त्यानं मान वर केली. "आंदोलन कोणाविरुद्ध आहे?"

"प्लास्टिकाविरुद्ध."

"आणि शोषक कोण?"

"तो काय, डब्यात."

निकेशचा हात टोपीकडे गेला. "डब्यात कोंडला?"

"पयले जाळला, मंग कुटला, मंग डब्यात भरला."

शिपाई दोन पावलं मागे सरला. "एकटीनंच कुटला का?"

"नाई, सूनबाईनं मदत केली. हुशार हाय ती."

नंदिनी धावत बाहेर आली म्हणून बरं, नाही तर वर्धा जिल्ह्यातला शोषकाचा प्रश्न त्या दिवशी कायमचा सुटला असता. तिनं पेला, पूड, चुंबक, सगळं दाखवलं. निकेशनं चुंबक तीनदा स्वतः फिरवून पाहिला, चहा घेतला आणि हातानं 'अधि' लिहून अर्ज मंजुरीला नेला. जाताना म्हणाला, "आजी, रविवारी पाहायला येऊ का?"

"येजो. शोषक पाहाले कोण नाई येत?"

तरी रविवारी सकाळी अन्नपूर्णाबाईंनी डब्याचं झाकण तीनदा उघडून पाहिलं. पांढरी नवी साडी नेसून, डबा छातीशी धरून त्या विहारात शिरल्या. चाळीसच्या जागी साठ बायका. दिपालीताई पाउचचा नमुना घेऊन पुढच्या रांगेत. प्रेमदासजींनी घड्याळ पाहिलं. दहा वाजले होते, म्हणून त्यांना सुरू करता आलं.

नंदिनीनं आधीच बजावलं, "हे पाणी पाहायचं आहे, प्यायचं नाही. घरी केलेली पूड आहे, अजून तपासणी बाकी आहे."

"पाणी पाहाचं?" अन्नपूर्णाबाई पुटपुटल्या. "उद्या पोळी ऐकाची म्हणशील."

नळाचं पाणी भल्या मोठ्या काचेच्या बरणीत ओतलं. पूड टाकली, ढवळली, वाट पाहिली. चुंबक लागला. काळोख एका भिंतीला चढला, बायकांच्या तोंडून "अगगगं!" निघालं. नंदिनीनं वरचा थेंब काचेवर घेतला. पाहिलं, पुन्हा पाहिलं. "एकही तंतू नाही!"

टाळ्या अशा पडल्या की मागच्या खिडकीवरची कबुतरं उडाली. निकेश तर उभाच राहिला. अन्नपूर्णाबाईंनी दिपालीताईंकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती नजर पाउचमध्ये भरून विकता आली असती.

"मले माह्या हातचा थेंब पाहू द्या," प्रेमदासजी म्हणाले. "अध्यक्ष म्हणून."

अध्यक्षांना पाणी द्यायचं, नुसतं पाहायला का असेना, ते न गाळता? बावीस वर्षांचा हात आपोआप पिशवीत गेला. चौपदरी कापड पेल्यावर अंथरलं गेलं, पाणी गाळलं गेलं, पेला अदबीनं पुढे आला. नंदिनी "आई, थांबा" म्हणेपर्यंत प्रेमदासजींनी थेंब घेऊन डोळा लावलासुद्धा.

"निळा दोरा," ते म्हणाले.

"मोजा," दिपालीताई हळूच म्हणाल्या. "सात," प्रेमदासजी म्हणाले. मागल्या रविवारपेक्षा एक जास्तच.

अन्नपूर्णाबाईंनी बरणीकडे पाहिलं, मग पेल्याकडे. बरणीत नाही. पेल्यात आहे. बरणी आणि पेला यांच्यामध्ये काय आलं? हे कळायला दुसरी पास व्हावंही लागत नाही. त्यांनी हातातलं कापड उलगडलं. पांढऱ्या साडीचा निळा काठ चौथ्या पदरात दुमडलेला होता, आणि घासून घासून विसविशीत झाला होता.

साठ वर्षं कापसात गेलेली ती बोटं त्या काठावरून फिरली. पारखायला म्हणून आज पहिल्यांदाच फिरली. सुनेनं पहिल्या पगारातून आणलेली साडी कोणी चाचपून पाहतं का? ती घडी डोक्याला लावायची आणि नेसायची. पण बोटांना कळायचं ते कळलं. त्यांनी काठातला एक दोरा ओढला, दुसरा पांढऱ्या अंगातला ओढला. "काडी पेटव," त्या रत्नदीपला म्हणाल्या. दोरे ज्योतीवर धरले. दोन्ही आक्रसले, वितळले आणि टोकाला टणक काळी गोळी झाली.

"सुताची राख होते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "याची गोयी झाली. म्हंजे हे कापडच प्लास्टिक हाय. मी चार पदर करून करून पाणी गाळत नोती, पाण्यात प्लास्टिक घोळत होती."

"मागल्या वर्षीपासूनच ना आई?" नंदिनीचा आवाज एवढासा झाला. तिला साडी आठवली होती. दुकानही, आणि 'शंभर टक्के सुती, मॅडम' म्हणणारा दुकानदारही.

"अन् ही साडी कोणाची वो?" दिपालीताईंनी नेमका सवाल टाकला. "कुठून आणली?"

साठ डोकी पुढे झुकली. हाच तो क्षण. मागल्या रविवारचा हिशोब चुकता करायला यापेक्षा चांगली जागा, यापेक्षा मोठी सभा मिळणार नव्हती. नंदिनीनं मान खाली घातली. अन्नपूर्णाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दिपालीताईंकडे.

"मीच घेतली," त्या म्हणाल्या. "चश्मा घरी राह्यला होता. आता तुमी तो पाउच पुढं आणा, बाई. त्याचाही थेंब पाहू."

पाउचच्या थेंबात तंतू निघाले नाहीत, पण बारीक कण नऊ निघाले, तेही बिनगाळलेले. दिपालीताईंनी पिशवीची चेन लावली. तोवर रत्नदीप पळत घरी जाऊन आईच्या पेटीतलं जुनं सुती लुगडं घेऊन आला. चार पदर झाले, बरणीतलं पाणी गाळलं, प्रेमदासजींनी डोळा लावला. बराच वेळ लावला.

"पांढरे दोन दोरे हायेत."

"ते कापसाचे," नंदिनी म्हणाली. "चालतात."

"मी निळा म्हटलं होतं," प्रेमदासजींनी निकाल दिला. "मांडव अन्नपूर्णाबाईचा. बाजूले ती चुंबकाची बरणीही ठेवा, लोकाईले दिसू द्या." आणि सवयीनं तारीखही सांगितली, जी सगळ्यांना जन्मापासून पाठ होती.

बायकांनी गराडा घातला, निकेशनं फोटो काढला, तानबानं अंगणातली उरलेली पऱ्हाटी मांडवाच्या चहाला लागेल म्हणून जाहीर करून टाकली. सदाशिवराव प्रत्येकाला सांगत होते की सुरुवातीलाच तुरटी टाकली असती तर ही वेळ आली नसती.

परतताना पुन्हा तीच दोनशे पावलं. या वेळी गप्प होती ती नंदिनी. एका हातात सूक्ष्मदर्शक, दुसऱ्यात वही, डोळे भरलेले. फाटकाशी आल्यावर ती कशीबशी म्हणाली, "आई, मला खरंच सुती वाटली होती..."

अन्नपूर्णाबाई थांबल्या. कडी न उघडताच मागे वळल्या आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाह्य नंदिनी, एका थेंबातलं प्लास्टिक तुले दिसते, अन् नऊ वार हातात घेतलं तं दिसत नाई. तुही इद्या थेंबाची हाय, माही गाठोड्याची. यापुढं साडी घ्याले जाशीन तं मले संग नेजो, अन् मी पाणी गाळीन तं तुले संग बशीवीन. आन् एक आखरीचं. तू माह्यं नाव चाळीस बायकाईत घेतलं, मी तुह्यं साठात नाई घेतलं. हे आता वहीत लिव, अन् खाली माह्यं नाव टाक. सही मी करतो!"